काळ्या भाकरीची लाज कसली?

"अहो ताई, पाहुणे जेवायला आहेत, आज नाचणीची भाकरी नको हं!" माझी धाकटी जाऊ परवा कानाशी कुजबुजली. मैत्रिणींनो, तुमच्याही घरी असंच होतं ना? पांढऱ्याशुभ्र पोळीपुढे काळपट भाकरी म्हणजे गरिबी, असं आपल्या मनानं घेतलं आहे खरं.

आता हिशेब पाहा. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३४४ मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. तितक्याच तांदळात जेमतेम १०, गाईच्या दुधात १२० च्या आसपास! चाळिशीनंतर गुडघ्यांची कुरकुर सुरू झालेल्या आपल्यासारख्यांनी याकडे काणाडोळा करू नये. अर्थात हे सगळंच अंगी लागतं असं नाही. धान्यातलं फायटेट आड येतं. म्हणूनच आपल्या आज्या नाचणीला मोड आणत. नाचणी स्वच्छ धुऊन रात्रभर भिजवा, ओल्या फडक्यात बांधून ठेवा, दीड-दोन दिवसांत मोड येतील. मग सावलीत खडखडीत वाळवून मंद भाजा, दळा आणि पातळ कापडातून गाळा, की झालं सत्त्व. सहा महिन्यांवरच्या बाळाला पेजेसारखं शिजवून द्यावं, उन्हाळ्यात मोठ्यांनी ताक घालून आंबील करावी. भाकरी थापताना मोडते, ही तक्रार नेहमीची. नाचणीत गव्हासारखा चिकटपणा नाही, म्हणून उकड काढूनच पीठ मळावं. आणि दाणे भरून ठेवा, पीठ मात्र थोडंथोडंच दळून आणा. नाचणीच्या दाण्याला कीड सहसा लागत नाही. नीट वाळवली तर वर्षानुवर्षं टिकते. दुष्काळाची बेगमी म्हणून ती कणग्यांत भरून ठेवत, ती काही उगीच नाही.

मूळची ही पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ मुलखातली. आपल्याकडे मात्र इतकी रुळली की कोकणात नाचणी, नाशिककडे नागली, कर्नाटकात रागी. डोंगरउताराची हलकी, वरकस जमीन, पावसाचंच पाणी, खत बेताचं, एवढ्यावर ती येते. भाताचे चोचले हिला नाहीत.

मग पिकवत का नाहीत? आमच्या सासूबाई रत्नागिरीकडच्या. डोक्यावर इरलं घेऊन, भर पावसात कंबर मोडेपर्यंत लावणी करायच्या. पुढे कणसं खुडणं, वाळवणं, झोडपणं, सगळं बायकांच्याच हातचं. त्या गेल्या आणि ती वरकस पडीक झाली, तिथे आता नुसतं गवत. २०२३ साली भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं, पेपरात खूप छापून आलं, पण आमच्या उतारावर काही कोणी फिरकलं नाही.

गेल्या मे महिन्यात चुलतदिरांना मी विचारलंच. म्हणाले, "वहिनी, लावायला काय, लावू. पण घेणार कोण? मजुरी तरी सुटायला हवी."

घरी येऊन बिल्डिंगमधल्या सहाजणींना गोळा केलं. प्रत्येकीनं भिशीतून थोडे पैसे काढले आणि जूनच्या आधीच गावी पाठवले. दहा गुंठ्यांत लावणी झाली. दिवाळीनंतर दोन पोती आली. पाखडून, निवडून वाटून घेतली. धाकट्या जाऊबाईंनीही आपला वाटा मागून घेतला बरं का!