गाडीच्या कुशीतली सावली

अडीच मीटर लांब आणि दोन मीटर रुंद कापड म्हणजे पाच चौरस मीटर. गाडीच्या छताच्या कडेला बसवतात त्या ऑनिंगचा हा सर्रास मिळणारा आकार. एरवी ते छतालगतच्या लांबट पिशवीत गुंडाळलेले असते. चेन उघडून कापड ओढायचे, आडवे दांडे फिरवून अडकवायचे आणि पाय खाली सोडायचे, की चार-पाच माणसांना पुरेल एवढा आडोसा तयार. दिवाळीनंतर भंडारदऱ्याला, कोकणात, कुणी थेट कच्छपर्यंत स्वतःच्या गाडीने निघतात, आणि त्यातली बरीच मंडळी हल्ली ऑनिंग हौसेने बसवून घेतात. दुकानात चर्चा होते ती कापडाच्या रंगाची आणि किमतीची. ते कुठल्या बाजूला बसवायचे, कशाला अडकवायचे आणि उघडताना गाडीचे तोंड कुठे ठेवायचे, हे मात्र कुणी विचारत नाही. ऑनिंग कामाला येणार की अडगळ होणार, हे खरे तर तिथेच ठरते.

बाजूचा प्रश्न सोपा आहे. आपल्याकडे वाहने रस्त्याच्या डावीकडून चालतात, तेव्हा ऑनिंग डावीकडेच हवे. रस्त्याच्या कडेला थांबून उघडले तर माणसे रहदारीपासून दूर राहतात. युरोपातल्या बहुतेक गाड्यांवर ते उजवीकडे दिसते, ते तिथल्या रहदारीमुळे. ऑस्ट्रेलियात मात्र आपल्यासारखीच डावी बाजू चालते, त्यामुळे तिथली बाजूची मांडणी आपल्याला जुळते. गाडीला बाजूने आणि मागून वेढणारे २७० अंशांचे ऑनिंग घेणार असाल तर डावे-उजवे नीट विचारून घ्या. ते उलटे करून बसवता येत नाही.

आता वजन. गाडीच्या माहितीपुस्तिकेत छतावर किती भार चालतो ते लिहिलेले असते. अनेक गाड्यांत तो आकडा ५० ते १०० किलोंच्या दरम्यान असतो आणि तो चालत्या गाडीसाठी असतो. साधे ऑनिंग १० ते १५ किलोंचे, २७० अंशांचे २० किलोंच्या पुढे. त्यात छतावरच्या आडव्या दांड्यांचे आणि कॅरिअरचे वजन मिळवा. उरेल तेवढेच सामान छतावर. ऑनिंगचा सगळा भार एकाच कडेवर येतो, म्हणून वळणावर आणि खड्ड्यात त्याचा हिसका वजनाच्या मानाने बराच मोठा बसतो. कापडी टपाच्या थारवर ते बसवण्याचा विचारच नको. तिच्या कडक टपाचे छतही धातूचे नाही, तेव्हा तिथे भार थेट बॉडीवर घेणारा सांगाडा लागतो.

छताला भोके पाडून ऑनिंग बसवून देणारे कारागीर भेटतील. त्यांना ठामपणे नाही म्हणा. भोकातून गंज शिरतो. शिवाय अनेक नव्या गाड्यांत छताच्या कडेला आतून कर्टन एअरबॅग असते. तिथे ड्रिल चालवणे म्हणजे जिवाशी खेळ. कायद्याचाही प्रश्न आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणीतला तपशील आणि निर्मात्याने दिलेला मूळ तपशील यांत तफावत पडेल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच अधोरेखित केले. म्हणून गाडीच्या कंपनीला मान्य असलेल्या दांड्यांवर, पाना फिरवून काढता येईल असेच ऑनिंग घ्यावे आणि प्रवास संपला की उतरवून ठेवावे. त्याने पेट्रोलही वाचते.

बसवणे अर्ध्या दिवसाचे काम आहे आणि त्याला दोन माणसे हवीत. पिशवीच्या पाठीला ॲल्युमिनियमची पट्टी असते, तिच्या खाचेत आठ मिलिमीटरचे बोल्ट सरकतात आणि इंग्रजी ‘एल’च्या आकाराच्या ब्रॅकेटने ते छताच्या दांड्यांना जोडले जातात. नट नायलॉनचे कडे असलेलेच वापरा. साधे नट आपल्या रस्त्यांवर टिकत नाहीत. पूर्ण आवळण्याआधी सगळे दरवाजे आणि डिकी उघडून पाहा, कुठे घासत नाही ना. शंभरेक किलोमीटर गेल्यावर पुन्हा एकदा पाना लावा. किनाऱ्यालगत राहणाऱ्यांनी स्टीलचा बोल्ट आणि ॲल्युमिनियम यांच्यामध्ये नायलॉनचा वॉशर घालावा. खाऱ्या हवेत हे दोन धातू एकमेकांना टेकले की ॲल्युमिनियम झिजते आणि बोल्ट जागीच अडकून बसतो.

मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती सूर्याची दिशा. मेच्या मध्यावर मुंबई-पुण्यात भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर असतो, तेव्हा सावली कापडाखालीच पडते. पण आपण फिरायला जातो हिवाळ्यात. डिसेंबरच्या अखेरीस पुण्यात साडेबाराच्या सुमारास सूर्य दक्षिणेकडे, क्षितिजापासून जेमतेम ४८ अंशांवर असतो. दोन मीटर उंचीवर ताणलेल्या कापडाची सावली त्या वेळी सुमारे पावणेदोन मीटर उत्तरेला सरकते. म्हणजे ऑनिंग दक्षिणेला उघडले तर जवळजवळ सगळी सावली गाडीवरच पडते आणि माणसांच्या वाट्याला वीतभर पट्टी येते. तेच उत्तरेला उघडले तर गाडीची सावली आणि कापडाची सावली सलग जुळतात. डाव्या बाजूचे ऑनिंग उत्तरेला यायचे तर गाडीचे तोंड पूर्वेला हवे. एवढे लक्षात ठेवले तर त्याच कापडातून दुप्पट जागा मिळते, आणि त्यासाठी एक पैसाही खर्च होत नाही.

दुपार कलली की तोंड दक्षिणेला करा, म्हणजे ऑनिंग पूर्वेला येते आणि पश्चिमेचे ऊन गाडी स्वतः अडवते. कोकणात दुपारचा खारा वाराही पश्चिमेकडूनच येतो, त्यामुळे ऊन आणि वारा दोन्ही एकाच भिंतीने थांबतात.

वाऱ्याला कमी लेखू नका. ताशी ३० किलोमीटरचा वारा पाच चौरस मीटरच्या कापडावर सरळ आदळला तर साधारण २० किलोंच्या वजनाइतका जोर लावतो. वारा दुप्पट झाला की जोर चौपट, म्हणजे ८० किलोंच्या पुढे. कापड शिडासारखे फुगते आणि तो सगळा ताण ब्रॅकेटवर येतो. म्हणून हवा शांत असली तरी दोर बांधायचे आणि खुंट्या बाहेरच्या बाजूला कलवून ठोकायच्या. फेरफटका मारायला जाताना ऑनिंग मिटूनच जावे. घाटमाथ्यावर झुळकेचे वादळ व्हायला वेळ लागत नाही. विजा कडाडू लागल्या तर गाडीत बसा. धातूचे दांडे लावलेल्या उंच कापडाखाली थांबू नका.

पावसाचे गणित आणखी कडक आहे. सपाट ताणलेल्या कापडावर दहा मिलिमीटर पाऊस साचला तर ५० लिटर पाणी होते, म्हणजे ५० किलो. दांडे वाकतात ते अशाच वेळी. बाहेरचा एक पाय वीत-दीड वीत खाली घ्या, पाणी त्या कोपऱ्यातून वाहून जाते.

जमिनीचेही पाहावे लागते. रत्नागिरीकडच्या जांभ्याच्या सड्यावर खुंटी शिरतच नाही; तिथे जड दगडाला नाहीतर वाळू भरलेल्या पिशवीला दोर बांधावा. याच सड्यांवर उक्षी, बारसू, देवाचे गोठणे इथली कातळशिल्पे आहेत, हजारो वर्षांपूर्वी कोरलेली. कुंपण नसलेल्या कातळावर गाडी चढवण्याआधी खाली उतरून जमीन पाहावी आणि शंका आली तर गावात विचारावे. समुद्राच्या पुळणीवर तर गाडी नकोच. वेळास, आंजर्ले या किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवे वाळूत अंडी घालतात, आणि चाकाखाली घरटे सापडले तर आपल्याला कळतही नाही. सुरूच्या बनाअलीकडे, गावाने नेमलेल्या जागी थांबून ऑनिंग उघडले तरी समुद्र दिसतोच.

स्टोव्ह कापडापासून दूर, मोकळ्या हवेत ठेवा. पॉलिस्टर आचेने वितळते. बाजूच्या कनाती लावून आत शेगडी पेटवणे तर जीवघेणे, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

ओले ऑनिंग गुंडाळावे लागलेच तर घरी पोहोचताच पुन्हा उघडून वाळवा, नाहीतर बुरशीचे काळे डाग कायमचे राहतात. साबण नको, त्याने पाणीरोधक थर जातो. साधे पाणी आणि मऊ ब्रश पुरे. चेनवर अधूनमधून मेणबत्ती घासावी. ऑनिंग उघडले की स्टिअरिंगला लाल फडके बांधावे आणि मिटल्यावरच सोडावे, म्हणजे उघड्या ऑनिंगसकट गाडी सुरू करण्याची चूक होत नाही.