वाफेचे मशीन कलंडते तेव्हा

डिसेंबर उजाडला की खराडीत नदीकडच्या इमारतींमध्ये रात्रीचा गारठा चांगलाच झोंबतो. मुलाचे नाक चोंदते, ते रडत उठते आणि पलंगाशेजारच्या स्टुलावर वाफेचे मशीन लावले जाते. प्लास्टिकचे हलके भांडे, वर नुसते बसवलेले झाकण, भिंतीपर्यंत ताणलेली वायर. दोन-तीन वर्षांचे मूल उतरताना त्या वायरीत अडकते आणि उकळते पाणी छातीवर, मांड्यांवर येते. रुग्णालयात पोहोचल्यावर पहिला प्रश्न विचारला जातो तो आईला, ‘तुझं लक्ष कुठे होतं?’ भांडे इतक्या सहज का कलंडले आणि झाकण का निघाले, हे सहसा कोणी विचारत नाही.

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात मात्र ते विचारले गेले. 1960 मध्ये तिथे एका तीन वर्षांच्या मुलीच्या अंगावर असेच वाफेचे यंत्र उलटले. रात्रीची वेळ होती, मुलगी स्वच्छतागृहाकडे निघाली होती. तिचे शरीर सुमारे तीस टक्के भाजले. एवढ्या लहान वयात तेवढे भाजणे म्हणजे जिवाशी गाठ असते. कातडी पातळ असते आणि जखमेतून शरीरातले पाणी भराभर निघून जाते. यंत्राच्या माहितीपत्रकात ते सुरक्षित असल्याची ग्वाही होती, रात्रभर चालू ठेवता येते असेही लिहिले होते. भांड्यातले पाणी जवळजवळ उकळत्या तापमानाला असते, ही सूचना मात्र नव्हती. झाकणाला आटे नव्हते, ते नुसते वर टेकलेले होते. ज्यूरीने दीड लाख डॉलरची भरपाई दिली, खालच्या न्यायाधीशांनी ती रद्द केली आणि 1967 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा कायम केली. ‘मॅककॉर्मॅक विरुद्ध हँक्सक्राफ्ट’ हा तो खटला. प्रश्न होता झाकणाला आटे पाडण्याचा. लोणच्याच्या बरणीलाही आटे असतात!

त्याआधी 1956 मध्ये अमेरिकेनेच फ्रिजबद्दल कायदा केला होता. जुन्या फ्रिजची दारे खिट्टीने बंद होत आणि आत लपलेली मुले गुदमरून मरत. दार आतून ढकलून उघडलेच पाहिजे, असे बंधन आल्यावर खिट्टी गेली. पालकांना ‘लक्ष ठेवा’ असे बजावणे त्याआधीही चालूच होते.

आपल्याकडे ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये ‘उत्पादन दायित्व’ हे स्वतंत्र प्रकरण आहे. जुलै 2020 पासून ते लागू आहे. कलम 84 नुसार वस्तू बनवण्यात दोष असेल, तिच्या रचनेत दोष असेल किंवा पुरेशा सूचना आणि इशारे दिले नसतील, तर उत्पादक भरपाईला जबाबदार ठरतो. मूल अज्ञान असल्याने आईवडिलांना तक्रार करता येते. नुकसानीत शारीरिक इजा, मृत्यू आणि मानसिक त्रासही धरला जातो. मशीन ऑनलाइन घेतले आणि उत्पादकाचा पत्ताच लागत नाही, अशा वेळी विक्रेत्यालाही जबाबदार धरता येते.

पळवाट कलम 87 मध्ये आहे. जो धोका उघड आहे किंवा वापरणाऱ्याला सर्वसाधारणपणे माहीत असतो, त्याचा इशारा दिला नाही म्हणून उत्पादकाला दोष देता येत नाही. गरम पाण्याने भाजते हे कोणाला माहीत नाही, असे कंपनीचा वकील म्हणेलच. पण ते मोठ्या माणसाला माहीत आहे. आणि हे यंत्र विकले जाते तेच लहान मुलांच्या सर्दीसाठी, म्हणजे मूल आसपास असणार हे बनवणाऱ्याने गृहीत धरायला हवे. शिवाय सूचनेतून सुटका झाली तरी रचनेतल्या दोषाचा प्रश्न उरतोच.

खरे तर या वाफेने सर्दी लवकर बरी होते, याला भक्कम पुरावा नाही. नाकात सलाइनचे थेंब आणि पुरेसे दूध-पाणी एवढ्याने बहुतेक मुलांचे भागते. धाप लागत असेल, छाती आत ओढली जात असेल, तर वाफ देत बसण्याऐवजी डॉक्टर गाठावा.

भाजलेच, तर जखम नळाच्या वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटे धरावी. नगर रस्त्याच्या गर्दीत रिक्षा शोधण्याआधी ही वीस मिनिटे द्यावीत. मूल बेशुद्ध असेल किंवा खूप भाजले असेल, तर 108 ला फोन आधी. ओले कपडे, करगोटा, बांगड्या काढाव्यात, चिकटलेले कापड ओढू नये. बर्फ, टूथपेस्ट, हळद, शाई काही लावू नये. बाकीचे अंग गार पडू देऊ नये आणि जखम स्वच्छ कापडाने झाकावी.

आणि मशीन फेकू नये. रागाच्या भरात ते कचऱ्यात जाते आणि पुरावाही त्याबरोबर जातो. दुरुस्तही करू नये. खोके, बिल, माहितीपत्रक, स्टूल-वायरीसह जागेचे फोटो, सगळे जपून ठेवावे. तक्रार दोन वर्षांच्या आत, राहत्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे करता येते. आयोग ठरतो वस्तूच्या किमतीवरून, त्यामुळे पाचशे रुपयांच्या मशीनची तक्रार पुण्याच्या जिल्हा आयोगातच जाते आणि तिला शुल्क लागत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे.

केसपेपरवर बहुतेक वेळा ‘गरम पाणी सांडून भाजले’ एवढेच लिहिले जाते. ‘वाफेचे मशीन कलंडून, झाकण निघून’ हे शब्द आणि मशीनचे नाव त्यात घालायला डॉक्टरला अर्धा मिनिट लागतो. पालकांनी ते तिथेच, दाखल करतानाच, लिहून घ्यावे.