आधी कागदावर, मग आकाशात

स्कूटर खोलून पुन्हा जोडणारे हात आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात असतात. पण घरच्या गॅरेजमध्ये विमान बांधणारी माणसंही आहेत, असं वर्गात सांगितलं की मुलं आमच्याकडे अविश्वासाने बघतात. अमेरिकेत अशी हजारो विमानं उडतात. आपल्याकडे कांदिवलीतल्या एका इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी सहा आसनी विमान बांधलं. २०१६ च्या 'मेक इन इंडिया' सप्ताहात ते मुंबईकरांनी पाहिलं.

पंख आणि इंजिन सगळ्यांच्या नजरेत भरतात. वैमानिकासमोरचा यंत्रफलक आणि त्यामागच्या तारा यांच्याकडे फारसं कुणी बघत नाही. पण कोणता खटका कुठे बसवायचा, यावर जीव अवलंबून असतो.

१२ ऑक्टोबर १९९७ रोजी अमेरिकन गायक जॉन डेन्व्हर यांचं घरी बांधलेलं विमान कॅलिफोर्नियात माँटेरेजवळ समुद्रात कोसळलं. ते त्यांनी नुकतंच दुसऱ्याकडून घेतलं होतं. मूळ आराखड्यात इंधनाची टाकी बदलण्याचा खटका वैमानिकाच्या दोन पायांमध्ये होता. बांधणाऱ्याने तो डाव्या खांद्यामागे नेला. इंधनाची नळी बसण्याच्या जागेत नको, हा त्याचा हेतू चांगलाच होता. पण खटक्यावर खुणा नव्हत्या आणि इंधन दाखवणारे मापकही पाठीमागेच होते. खटका फिरवायला मागे वळताना उजव्या रडरचं पेडल नकळत दाबलं गेलं, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला. विमानात पुरेसं इंधन न भरता उड्डाण केल्याचीही त्यात नोंद आहे. डेन्व्हर अनुभवी वैमानिक होते, तरी हे घडलं.

म्हणून जाणकार बांधणारे पत्रा कापण्याआधी पुठ्ठ्याचा फलक करतात. मापकांची चित्रं त्यावर चिकटवतात, खुर्चीवर पट्टा बांधून बसतात आणि प्रत्येक खटक्यापर्यंत हात पोहोचतो का ते बघतात. वेग डावीकडे, कृत्रिम क्षितिज मधोमध, उंची उजवीकडे आणि दिशा खाली, ही मांडणी जगभर रुळलेली आहे. होकायंत्राजवळून जास्त प्रवाहाची तार नेत नाहीत. प्रवाहाभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं, हे दहावीच्या पुस्तकातलं विज्ञान इथे कामी येतं.

मग तारांचा हिशेब. कोणतं उपकरण किती अँपिअर घेतं, याचा तक्ता आधी लिहितात. अल्टरनेटर बंद पडला तर बॅटरीवर काय चालू ठेवायचं आणि ते किती वेळ चालेल, हे जमिनीवरच ठरवतात. फ्यूज उपकरणासाठी नसून तारेच्या रक्षणासाठी असतो. पाच अँपिअर पेलणाऱ्या तारेला पंधराचा फ्यूज लावला, तर फ्यूज उडण्याआधी तार तापते. पत्र्याच्या भोकातून जाणाऱ्या तारेला रबरी कडी हवी, नाहीतर थरथरीने तिचं आवरण झिजतं. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना क्रमांक लावतात आणि तोच क्रमांक नकाशावर लिहितात.

हा नकाशा आम्हाला अमानत वाटतो. आज जो तारा जोडतो, तोच उद्या त्या खुर्चीत बसेल असं नाही. आपल्या डोक्यातली माहिती दुसऱ्याला कळेल अशी लिहून ठेवणं, हा त्या अनोळखी माणसाचा हक्क आहे. आधी उंट बांधावा, मग तवक्कुल करावा, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. ती घरालाही लागू आहे. एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर इस्त्री आणि हीटर चालवणारी घरं कमी नाहीत.

या सुट्टीत मुला-मुलींना एक काम द्या. अब्बा किंवा अम्मी सोबत असताना मुख्य बोर्डावरचा एकेक खटका बंद करून कोणत्या खोलीची वीज जाते ते बघायचं, त्याचा नकाशा काढायचा आणि प्रत्येक खटक्याखाली ठळक अक्षरांत नाव चिकटवायचं. बोर्ड उघडायचा नाही. रात्री धूर दिसला, तर कोणता खटका पाडायचा हे घरातल्या दादीलाही वाचता आलं पाहिजे.