फ्लॉरेन्सची टूर, पण १८७० ची : प्रेक्षणीय स्थळं साधन म्हणून कशी वाचायची?

फ्लॉरेन्सच्या एका दिवसाच्या कुठल्याही टूरची यादी काढा, ती साधारण सारखीच निघते. सकाळी कॅथेड्रल आणि त्याचा लाल घुमट, मग सिन्योरिया चौक, दुपारी पॉन्ते व्हेक्यो हा जुना पूल, आणि सूर्यास्ताला पियात्साले मिकेलांजेलो या उंचावरच्या चौकातून अख्ख्या शहराचा फोटो. ज्यांच्याकडे अजून अर्धा दिवस आहे ते काशिने नावाच्या मोठ्या बागेत जातात. त्या बागेच्या पश्चिम टोकाला, आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर, एक छत्री आहे. आपल्याकडे नदीकाठी राजघराण्यातल्या माणसांच्या समाध्यांवर असते तशी. छत्रीत एका तरुणाचा अर्धपुतळा आहे. तो तरुण म्हणजे कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज. युरोपच्या प्रवासाहून परत येताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये त्यांचं निधन झालं. वय होतं अवघं वीस.

ही गोष्ट कोल्हापुरात बऱ्याच जणांना माहीत असते. ती सांगून झाली की लोक हळहळतात आणि विषय संपतो. पण तुम्ही पीएचडीची तयारी करताय, तेव्हा तुमच्यासाठी विषय इथून सुरू व्हायला हवा. ‘महाराजांनी कुठलं फ्लॉरेन्स गाठलं?’ एवढा साधा प्रश्न घेऊ आणि त्यावर संशोधनाच्या काही सवयी बघू.

पहिली सवय : माणूस नक्की करा

‘राजाराम महाराज’ म्हटलं की कोण? शिवछत्रपतींचे धाकटे पुत्र राजाराम (१६७० ते १७००) वेगळे. १८६६ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर आलेले आणि फ्लॉरेन्सला वारलेले राजाराम वेगळे. शाहू महाराजांचे पुत्र, १९२२ ते १९४० या काळातले राजाराम आणखी वेगळे. राजारामपुरी या तिसऱ्यांच्या नावाची. पण राजाराम कॉलेज १८८० चं, तेव्हा हे तिसरे राजाराम जन्मलेलेही नव्हते. ते नाव फ्लॉरेन्सवाल्या राजारामांचं. सिनॉप्सिसमध्ये नुसतं ‘राजाराम महाराज’ लिहून पुढे जाऊ नका. पहिल्याच उल्लेखात कारकिर्दीची वर्षं द्या. एवढ्यानं निम्मे गोंधळ टळतात.

दुसरी सवय : प्रत्येक जागेला तारीख लावा

आता टूरची यादी पुन्हा काढा आणि प्रत्येक नावासमोर ‘१८७० मध्ये होतं का?’ असा रकाना करा.

कॅथेड्रलचा घुमट : होता. ब्रुनेलेस्कीच्या देखरेखीखाली तो १४२० ते १४३६ या काळात बांधला गेला. पण आज फोटोत दिसणारा पांढऱ्या, हिरव्या, गुलाबी संगमरवराचा दर्शनी भाग? तो नव्हता. तो १८८७ मध्ये पूर्ण झाला. १८७० मध्ये कॅथेड्रलचं तोंड उघडंबोडकं होतं.

सिन्योरिया चौकातला डेव्हिड : होता, आणि मूळचा होता. मायकेलँजेलोचा खरा पुतळा १८७३ मध्ये तिथून हलवून अकादमीत नेला. आज चौकात दिसते ती नक्कल.

पॉन्ते व्हेक्यो : होता. १३४५ चा पूल. आपल्या गुजरीसारखी सोनारांची दुकानं त्यावर सोळाव्या शतकाच्या शेवटापासून आहेत. पण त्याच्या शेजारचा सांता त्रिनिता पूल बघताना थांबा. १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्यानं पॉन्ते व्हेक्यो सोडून शहरातले आर्नोवरचे पूल उडवून दिले. आजचा सांता त्रिनिता हा युद्धानंतर पुन्हा उभारलेला.

पियात्साले मिकेलांजेलो : इथे खरी गंमत आहे. हा चौक जुसेप्पे पोज्जी या वास्तुकारानं १८६९ मध्ये आखला. १८७० च्या नोव्हेंबरात तिथे आजचा व्ह्यू पॉइंट तयार झालेला नव्हता. म्हणजे जगभरच्या पोस्टकार्डांवर दिसणारं ‘फ्लॉरेन्सचं दृश्य’ ज्या जागेवरून दिसतं, ती जागाच तेव्हा घडत होती. त्याच्या वरच्या अंगाला असलेलं सान मिनियातो चर्च मात्र अकराव्या शतकापासून तिथे आहे. तेव्हा उंचावरून शहर बघायचं तर ते तिथून किंवा फिएझोलेच्या टेकडीवरून.

हा चौक नेमका तेव्हाच का आखला गेला? १८६५ ते १८७१ फ्लॉरेन्स ही इटलीची राजधानी होती. राजधानीला शोभावं म्हणून जुन्या तटबंदी पाडून रुंद रस्ते काढले जात होते. आणि २० सप्टेंबर १८७० ला इटलीच्या सैन्यानं रोम घेतलं, म्हणजे राजधानी आता तिकडे जाणार हे ठरल्यासारखं झालं. आपले महाराज ज्या शहरात पोहोचले ते संग्रहालयासारखं निवांत शहर नव्हतं. ते अर्धवट खोदलेलं, राजधानीपण हातातून निसटत असलेलं शहर होतं. बघा, नुसता तारखांचा रकाना केला आणि एका माणसाच्या मृत्यूच्या गोष्टीभोवती एका देशाचा इतिहास उभा राहिला. यालाच आपण संदर्भ म्हणतो. तो प्रस्तावनेत दोन पानं चिकटवून येत नाही.

तिसरी सवय : आवाज कोणाचा, हे विचारा

महाराजांनी या प्रवासात इंग्रजीत डायरी लिहिली. ती १८७२ मध्ये लंडनला पुस्तकरूपानं छापली गेली. संपादक होते कॅप्टन एडवर्ड वेस्ट. हे कोल्हापूरच्या पोलिटिकल एजंटचे सहायक आणि प्रवासात महाराजांच्या सोबत असलेले अधिकारी. आता ही डायरी हातात घेताना तीन प्रश्न वहीत लिहून ठेवा. हे लिहिताना आपलं लिखाण कोण वाचणार असं वीस वर्षांच्या राजाला वाटत असेल? छापताना संपादकानं काय ठेवलं, काय गाळलं? आणि स्वतः सोबत असलेला अधिकारी आपल्याबद्दलचा नाराजीचा मजकूर छापेल का?

याचा अर्थ डायरी खोटी असा नाही. डायरीत ‘फार आनंद झाला’ असं वाक्य आलं, तर तुमच्या प्रबंधात ‘महाराजांना फार आनंद झाला’ असं सरळ लिहू नका. ‘छापील डायरीत आनंद झाल्याची नोंद आहे’ असं लिहा. फरक चार शब्दांचा आहे, पण मार्गदर्शक लाल पेननं खूण करतात ती नेमकी इथेच.

चौथी सवय : दगडही कागदासारखा वाचा

महाराजांच्या दहनासाठी शहर प्रशासनाची खास परवानगी घ्यावी लागली, कारण तिथे दहनाची रीत नव्हती. जागा निवडली ती दोन नद्यांच्या संगमाची. प्रयाग चिखलीला पंचगंगेचा संगम बघितलेल्या माणसाला ही निवड समजावून सांगावी लागत नाही. १८७४ मध्ये त्या जागी स्मारक उभं राहिलं. अर्धपुतळा चार्ल्स फ्रान्सिस फुलर या इंग्रज शिल्पकाराचा. छत्रीचा आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा. हे नाव ओळखीचं वाटलं पाहिजे, कारण आपला टाउन हॉल आणि न्यू पॅलेस यांचे आराखडेही मँट यांचेच. म्हणजे फ्लॉरेन्समधली छत्री आणि कोल्हापुरातला राजवाडा ही एकाच माणसाच्या कामाची दोन टोकं आहेत. ‘भारतीय शैली’ म्हणून युरोपात काय दाखवायचं हे एका इंग्रज लष्करी इंजिनिअरनं कसं ठरवलं, यावर एक चांगला शोधनिबंध सहज होईल.

अजून एक. स्मारकावर चार भाषांत लेख आहेत. अनेक गाईडबुकांत आणि संकेतस्थळांवर त्या ‘इटालियन, इंग्रजी, हिंदी आणि पंजाबी’ अशा छापलेल्या दिसतात. कोल्हापूरच्या विद्यार्थ्यानं इथे अडखळलंच पाहिजे. कोल्हापूर दरबारची भाषा मराठी; स्मारक करवीरच्या राजाचं; मग त्यावर पंजाबी कशासाठी? देवनागरी दिसली की ‘हिंदी’ असं लिहून मोकळं होणं बाहेरच्या माणसाला सोपं असतं. हा अजून आक्षेप आहे, निष्कर्ष नाही. निष्कर्षासाठी लेखाचा स्पष्ट फोटो हवा आणि तो ओळीनं ओळ वाचायला हवा. दहा पुस्तकांनी एकमेकांवरून उतरवलेलं वाक्य हे दहा पुरावे नसतात. तो एकच पुरावा असतो, दहा वेळा छापलेला.

पाचवी सवय : त्या काळच्या नावानं शोधा

आजच्या स्पेलिंगनं कॅटलॉगमध्ये शोधाल तर हाती थोडंच लागेल. तेव्हा इंग्रजीत ‘कोल्हापूर’मधल्या ‘पू’साठी दोन ‘ओ’ वापरत, आणि ‘छत्रपती’ची तर किती रूपं! इटालियन कागदांत आणि बोलण्यात त्याहून वेगळं. स्मारकाजवळचा १९७८ मध्ये खुला झालेला मोठा पूल ‘पॉन्ते आल्लिंदियानो’ म्हणून ओळखला जातो. म्हणजे ‘भारतीयाचा पूल’. त्यात ना राजाराम, ना कोल्हापूर. आपलं माणूस तिथे टोपणनावानं राहतंय. म्हणून शोध सुरू करण्याआधी सगळ्या स्पेलिंगांची एक यादी करा आणि कुठलं रूप कुठे सापडलं ते पुढे टिपत जा.

आता तुमची पाळी

यासाठी विमानाचं तिकीट लागत नाही. हीच पद्धत कोल्हापूरला लावा. वहीत ‘१८७० चं कोल्हापूर’ असं शीर्षक लिहा आणि आजच्या प्रेक्षणीय स्थळांसमोर तोच रकाना करा. अंबाबाईचं मंदिर आणि रंकाळा : होते. न्यू पॅलेस : नाही, तो १८८४ मध्ये पूर्ण झाला. रेल्वे : नाही, ती १८९१ ला आली. राजाराम कॉलेज : नाही. महाराज ज्या गावातून निघाले ते गावही आपल्या डोळ्यांसमोर असलेलं नाही, हे तेव्हा लक्षात येतं. रकाना भरताना जिथे हात थांबेल, तिथे कोल्हापूर पुरालेखागारात जायचं कारण मिळालं असं समजा. तो अडलेला रकाना हाच तुमचा संशोधन प्रश्न असू शकतो.