‘हे खरे का?’ : मराठी वाचकांच्या अभिप्रायांचा मागोवा

मराठीत पुस्तकांविषयीचे मत छापून येऊ लागले ते प्रथम विद्वानांचे. 1867 मध्ये सुरू झालेले ‘विविधज्ञानविस्तार’ आणि 1874 पासूनची विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ यांनी ग्रंथपरीक्षण, म्हणजे पुस्तकाचे गुणदोष सकारण सांगणारे लेखन, रुजवले. परंतु त्यात सामान्य वाचकाला फारसे स्थान नव्हते. तरीही 1872 मध्ये काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी नावल, म्हणजे कादंबरी, आणि नाटक यांवरील आपल्या निबंधात तत्कालीन अद्भुतरम्य कादंबऱ्यांवर अवास्तवतेचा जो आक्षेप घेतला, त्यात पुढील शंभर वर्षांच्या वाचकाचा प्रश्न आधीच उमटला होता: असे खरोखर घडते काय?

हरि नारायण आपटे यांच्या ‘करमणूक’ साप्ताहिकाने 1890 पासून या प्रश्नाला नवे वळण दिले. ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी त्यात क्रमशः, म्हणजे अंकाअंकांतून तुकड्यातुकड्यांनी, येत गेल्यामुळे कथानक पुरे होण्यापूर्वीच वाचक त्यात गुंतत असे, आणि नायिका यमूने स्वतः सांगितलेली हकिगत घरोघरच्या अनुभवाशी ताडून पाहणे त्याला शक्य झाले. काशीबाई कानिटकर आणि हरिभाऊ यांचा पत्रव्यवहार या काळातील स्त्री-वाचकाच्या मताचा मोलाचा पुरावा होय. मात्र असे मत बहुधा खासगी पत्रातच राहत असे.

ते जाहीर वादाचा विषय झाले 1933 मध्ये. ह. वि. मोटे यांनी प्रसिद्ध केलेल्या ‘कळ्यांचे निःश्वास’ या कथासंग्रहात शिकलेल्या, मिळवत्या आणि अविवाहित मध्यमवर्गीय तरुणींची घुसमट व इच्छा इतक्या उघडपणे आल्या होत्या की, ‘विभावरी शिरूरकर’ या टोपणनावामागे कोण आहे, याचीच चर्चा महाराष्ट्रभर सुरू झाली. या नावामागे बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर, होत्या. कथा कल्पित असूनही वाचकांनी तिला साक्ष मानले आणि साक्षीदार कोण हे जाणण्याचा हट्ट धरला. या गदारोळात निंदेचा वाटा मोठा होता. परंतु केवळ निंदा म्हणून तो बाजूला सारणे अन्यायाचे ठरेल, कारण पुस्तक आपल्याच घराविषयी बोलत आहे ही जाणीव असल्याखेरीज वाचक एवढा अस्वस्थ होत नाही.

नंतरच्या पिढीत वसंत दावतर यांनी 1962 मध्ये सुरू केलेल्या ‘आलोचना’ मासिकाने परीक्षणाला वाहिलेले स्वतंत्र व्यासपीठ दिले. त्याचे महत्त्व निर्विवाद असले, तरी वाचकाच्या अभिप्रायाचे क्षेत्र खऱ्या अर्थाने विस्तारले ते आठव्या दशकात ‘ग्रंथाली’च्या वाचक चळवळीमुळे. पुस्तके घेऊन गावोगावी जाणाऱ्या या चळवळीने 1978 मध्ये दया पवार यांचे ‘बलुतं’ प्रसिद्ध केले.

‘बलुतं’ हे आत्मकथन, म्हणजे स्वतः जगलेल्या आयुष्याचे स्वतः केलेले निवेदन. मात्र त्यात दगडू मारुती पवार, म्हणजे मूळ नावाने वावरणारा लेखकच, दया पवारला आपली कहाणी सांगतो, अशी रचना असल्याने कथा आणि वास्तव यांतील सीमा लेखकानेच पुसट केली आहे. पांढरपेशा वाचकाला हे जग अपरिचित असल्याने त्याने त्या खरेपणाचे आश्चर्य केले; दलित समाजातील काही सुशिक्षितांना मात्र तेच खरेपण खटकले, कारण मागे टाकलेले दैन्य आणि घरातील नात्यांची वाताहत चव्हाट्यावर मांडू नये असे त्यांना वाटत होते. या दुसऱ्या वाचकाचा आक्षेप मराठी समीक्षेत आश्चर्याइतका नोंदला गेला नाही, ही मोठीच उणीव होय. पहिला वाचक ‘हे खरे का?’ असे विचारत होता, तर दुसऱ्याला ते खरे असल्याचे पुरेपूर ठाऊक होते आणि ते कोणासमोर, कोणत्या किमतीवर सांगायचे, हा त्याचा प्रश्न होता. पुढील काळात आलेल्या दलित आणि भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांना त्याच प्रश्नाला सामोरे जावे लागले.