कारखान्याची हांक आणि चाकांची खुर्ची

वाशीमहून हिंगोलीकडे येणाऱ्या रस्त्यावर कनेरगांव नाका लागतो. वाशीमकडील ३७ क्रमांकाच्या व हिंगोलीकडील ३८ क्रमांकाच्या गाड्यांची तेथें सरमिसळ असते. गाडी कोणत्या जिल्ह्याची, हें पाटीवरून कळतें. परंतु तिच्या एखाद्या भागांत दोष निघाल्यामुळें कारखानदारानें तिला परत बोलाविलें आहे कीं काय, हें पाटी सांगत नाहीं. साध्या गाडीच्या बाबतींत हें अज्ञान धोक्याचें खरेंच. पण जिच्यांत चाकांच्या खुर्चीसाठीं लिफ्ट बसविली आहे, तिच्या बाबतींत तें प्राणावर बेतूं शकतें.

ही लिफ्ट म्हणजे गाडीच्या मागील अथवा बाजूच्या दारांत बसविलेली, बहुधा विजेवर चालणाऱ्या तेलाच्या पंपानें वर-खालीं होणारी एक भक्कम फळी होय. अमेरिकेनें २००२ सालीं हिच्यासाठीं जे नियम केले, ते पाहिले म्हणजे अपघात कोठें दबा धरून बसलेला असतो तें ध्यानांत येतें. सार्वजनिक वापराच्या लिफ्टच्या फळीनें किमान २७२ किलोग्रॅम भार पेलला पाहिजे. कारण विजेवर चालणारी नुसती खुर्चीच कधीं कधीं शंभर किलोंच्या पुढें जाते. फळी गाडीच्या तळाहून पंचवीस मिलिमीटरांपेक्षां अधिक खालीं असतां कोणी दाराशीं आला, तर इशारा मिळाला पाहिजे. पाठमोऱ्या खुर्चींतील माणसाला मागची पोकळी कशी दिसावी? लिफ्ट मिटल्यावांचून गाडी हलतां कामा नये, आणि वीज गेल्यास लिफ्ट हातानें चालवितां आली पाहिजे. तारा घासल्या जाऊन आग लागेल ह्या भीतीनें तिकडे अशा लिफ्टा परत मागविल्या गेल्या आहेत. पेटत्या गाडींतून धडधाकट माणूस उडी टाकील. खुर्चींतल्या माणसाचें दार मात्र तीच लिफ्ट असते.

आपल्याकडे २०१२ पासून मोटार-उत्पादकांच्या संघटनेची ऐच्छिक संहिता होती. पुढें २०१९ सालीं मोटार-वाहन कायद्यांत ११०-अ हें कलम आलें आणि १ एप्रिल २०२१ पासून त्याचे नियम लागू झाले. गाडी परत मागविण्याचा हुकूम निघाल्यास कारखानदारानें पूर्ण किंमत परत करावी, तितकीच चांगली दुसरी गाडी द्यावी किंवा दोष दुरुस्त करावा. दोष एखाद्या सुट्या भागांत असेल, तर तो भाग असलेल्या सर्व गाड्या ह्या कक्षेंत येतात.

कायदा चांगला आहे. पण त्याची हांक पोंचावी कोणापर्यंत? समजा, पुण्यांत लिफ्ट बसविलेली एक जुनी गाडी कनेरगांवच्या एखाद्या कुटुंबानें विकत घेतली. पत्र जाईल पहिल्या मालकाच्या पत्त्यावर. शिवाय गाडी एका कारखान्याची, लिफ्ट दुसऱ्याची, आणि ती बसविणारा तिसराच. तिघांचीं बोटें एकमेकांकडे! त्यांत नियमांची मर्यादा सात वर्षांची, म्हणजे जुनी गाडी घेणारा पुष्कळदां तिच्याबाहेर पडतो. चौकशीस लागणारी तक्रारींची संख्याही वार्षिक विक्रीशीं जोडलेली आहे. लिफ्टच्या गाड्या मुळांतच थोड्या असल्यानें एकाही मालकानें तक्रार गिळून बसणें परवडणारें नाहीं. सरकारच्या 'वाहन' संकेतस्थळावर ती नोंदवितां येते.

म्हणून जुनी गाडी घेतांच प्रादेशिक परिवहन कार्यालयांत ती आपल्या नांवें करून घ्यावी, म्हणजे निदान पत्ता तरी खरा होईल. सांगाड्याचा क्रमांक कळवून विक्रेत्याकडे चौकशी करावी. लिफ्टवर तिची स्वतंत्र पाटी असल्यास तिच्यावरील क्रमांक वेगळा टिपून तिच्या कारखानदारालाही लिहावें. जळका वास येणें, फळी मध्येंच थांबणें, काठावरची आडपट्टी न उठणें, यांपैकीं कांहींही दिसल्यास दुरुस्ती होईपर्यंत खुर्ची त्या फळीवर चढवूं नये. रुंद, न घसरणारा व पुरेसा लांब उतार लावून दोघांनीं खुर्ची धरावी, आणि उतरतांना ती पाठमोरी उतरवावी.