टिलव्याची शेपटी

नांदूर मध्यमेश्वरला आलेले कॅमेरे आधी रोहित शोधतात, मग चित्रबलाक. काठच्या चिखलात तुरुतुरु पळणारी चिमणीएवढी पाखरं कुणाच्या खिजगणतीत नसतात. खरी कसोटी मात्र तीच पाहतात.

निफाड तालुक्यात गोदावरी-कादवा संगमाजवळ बंधारा झाला आणि मागे वर्षानुवर्षं गाळ साचत गेला. पाटबंधारेवाल्यांची डोकेदुखी ती चिखलपक्ष्यांची चंगळ. २०२०च्या जानेवारीत राज्यातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून याच पाणथळीचं नाव जाहीर झालं. हिवाळ्यात इथे छोटा टिलवा येतो, टेमिंकचा टिलवाही येतो. दोघंही उत्तर ध्रुवाकडच्या टुंड्रातले, वजन जेमतेम पंचवीस-तीस ग्रॅम.

ओळख पटवताना आधी चिखल्या हा पक्षी बाजूला काढावा. त्याचे डोळे टपोरे, चोच आखूड. तो पळतो, थबकतो, टिपतो. टिलव्याची मान वर येतच नाही, शिलाई मशीनच्या सुईसारखी चोच चालू. पण दोन टिलव्यांत गफलत ठरलेली. पुस्तक सांगतं, छोट्याचे पाय काळे, टेमिंकचे पिवळसर. खरं आहे, फक्त चिखलाने माखले की पिवळे पायही काळेच, आणि सूर्य समोर असला की सगळ्यांचेच. त्यापेक्षा छाती बघा. छोट्याची मधोमध पांढरी असते. टेमिंकची सबंध करडी, आणि तो करडा रंग पोटाशी येऊन एकदम संपतो. चालही वेगळी: छोटा उघड्या चिखलात थव्याने धावतो, टेमिंक गवताच्या कडेने एकटादुकटा, पाय दुमडून सरपटल्यासारखा.

पक्की खूण शेपटीत. टेमिंकची कडेची पिसं शुभ्र, छोट्याची राखाडी. बसलेल्या पक्ष्यात ती बहुधा झाकलेली असतात, म्हणून ओळखीसाठी उडतानाची धूसर चौकटसुद्धा मोलाची. पाण्यात प्रतिबिंब पडलेला देखणा फोटो भिंतीवर शोभतो, पण निम्म्या वेळा जात सांगत नाही. तेव्हा देखण्या चौकटीसाठी पोटावर आडवं व्हावं, सूर्य पाठीशी ठेवावा, पांढरं पोट जळू नये म्हणून एक्स्पोजर थोडं उतरवावं. आणि पक्षी वळेल तशा बाजूच्या, पाठीच्या साध्या नोंदीही घेत राहाव्यात. टेमिंक उडताना बारीक घुंगरासारखी 'तिर्रर्र' अशी लकेर देतो, छोटा तुटक 'टिट' म्हणतो. मोबाइलवर तेवढा आवाज टिपला तरी काम होतं.

शेपटी दिसावी म्हणून थवा उठवणं मात्र निव्वळ आडदांडपणा. मार्च-एप्रिलच्या परतीच्या प्रवासासाठी ही पाखरं अंगावर चरबी साठवत असतात. प्रत्येक भरारी त्या साठ्यातूनच वजा होते. थांबलं तर भोवत्या हा शिकारी पक्षी घिरट्या घालत येतोच, आणि अख्खा चिखल आपोआप आकाशात जातो. शटर आधीच १/२००० वर लावून ठेवलेलं असलं म्हणजे झालं.